हलगी गल्लीपुरती वाजते

अनंत चतुर्दशीच्या रात्री बेळगावात झोपायची घाई कुणालाच नसते. हुतात्मा चौक, रामलिंगखिंड गल्ली, टिळक चौक करत मूर्ती कपिलेश्वर तलावाकडे सरकतात आणि दुसरा दिवस उजाडून जातो. ओट्यावर जागा मिळाली की रात्रभर हलगीचं वादन फुकट ऐकायचं. शेजारी कन्नड बोलणारं कुटुंब असतं. ते ‘हलगे’ म्हणतात, आपण हलगी.

एका हातात लवचिक बारीक काडी, दुसऱ्यात आखूड टिपरू, जोडीला घुमकं आणि कैताळ. भाद्रपदातल्या दमट हवेत कातडं ओल धरतं, सैल पडतं, आवाज बसतो. मग कोपऱ्यावर कागद-पाचोळा पेटवून हलगी शेकतात, टिचकी मारून पाहतात आणि पुन्हा मिरवणुकीत शिरतात. वैशाखात हा खटाटोप लागत नाही. तिथीच्या शिवजयंतीनंतर नरगुंदकर भावे चौकातून चित्ररथ निघतात, तेव्हा हलगी आपसूकच कडाडते.

हा कडकडाट उंच पट्टीचा असतो. दोन्ही बाजूंच्या घरांवर आपटून तो गल्लीत भरून राहतो, पण कोपरा वळला की पटकन ओसरतो. डीजेचा खर्ज तसा नाही. लांब लहरींचा तो आवाज कोपऱ्याला वळसा घालतो, भिंतीतून आत येतो आणि तीन गल्ल्या पलीकडच्या आजारी माणसाच्या छातीवर बसतो. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिवर्धकच नव्हे, उघड्यावर वाद्यंही बंद ठेवायची असतात. सणासाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस. वेळेचा नियम दोघांना सारखाच. पण परवानगीच्या वेळेत कुणाचा आवाज किती घरांत घुसतो, हे उत्सव मंडळानेच ठरवायचं असतं.

आपण फुकट ऐकतो म्हणजे हे संगीत फुकट नसतं. त्याचे पैसे गल्लीच्या वर्गणीतून जातात. ज्या दलित वस्त्यांनी हलगी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांच्या वाट्याला तिच्यासोबत अपमानही आला. आज त्यांतला पोरगा ती हौसेने गळ्यात अडकवत असेल, तर त्याला मानाने बोलावणं आणि पुरते पैसे मिळायलाच हवेत. डीजेला मोठी रक्कम मोजायची आणि हलगीवाल्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करायची, हे मला सहन होत नाही. मंडळांच्या बैठका श्रावणातच सुरू होतात. सुपारी कुणाला द्यायची ते तिथेच ठरतं, आणि वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला तिथे बोलता येतं.