व्यालेल्या गाईची तूट

गाय व्याल्यावर सहा-आठ आठवड्यांत दूध शिगेला पोहोचते. भूक मात्र दहा-बारा आठवड्यांनी पूर्ण उघडते. मधली तूट ती अंगावरच्या चरबीतून भागवते. मग रोडावते, माजावर उशिरा येते, कधी कीटोसिस हा आजारही होतो. इथे बायपास फॅट कामी येते. कॅल्शियमशी बांधलेली ही चरबी कोठीपोटात फारशी न विरघळता चौथ्या पोटात सुटते. दिवसाला 100 ते 200 ग्रॅम पुरे. साधे तेल ओतून हे साधत नाही, उलट चारा पचवणारे जिवाणू मंदावतात. पाच-सहा लिटरच्या गाईवर मात्र हा खर्च कशाला? तिला थोडा जास्त भरडा पुरतो.

मेंढ्यांतही वेळेवरचा खुराक कामी येतो: त्या नीट माजावर याव्यात म्हणून नर सोडण्याआधी दोन-तीन आठवडे रोज 200-250 ग्रॅम मका भरडा द्यावा. रोड मेंढ्यांना त्याचा गुण अधिक.

धान्य हळूहळूच वाढवावे. लग्नातला उरलेला भात, पोळ्या एकदम घातल्या की कोठीपोट आंबते, जनावर दगावूही शकते. तशीच काळजी युरिया-मळीच्या विटेची: ती फक्त चाटायला. कुटून पाण्यात कालवू नये, आणि सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊच नये.