पाण्याला जात नसते, गुणधर्म असतात

‘पाणी म्हणजे जीवन’ हे वाक्य आपल्या मुलांच्या निबंधाच्या वहीत पहिल्याच ओळीला असते. पण पाण्यावाचून जीवन का नाही, तेच काम तेलाने किंवा रॉकेलने का भागत नाही, असे विचारले तर मोठी माणसेही गप्प होतात. आम्ही स्वतः कॉमर्सवाले, जमाखर्चाच्या वहीत आयुष्य घालवलेले. परंतु ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या वस्त्यांतून हिंडताना नळ, बोअर, टँकर, नाला आणि नदी यांच्या तक्रारी ऐकून एक गोष्ट आमच्या पक्की ध्यानात आली. पाण्याचे रसायनशास्त्र हा केवळ सायन्सच्या पोरांचा विषय नाही. ज्याला ते ठाऊक नाही, त्याला काल पुरोहिताने फसवले आणि आज फिल्टर विकणारा फसवतो आहे. म्हणून या आठवड्यात वाचक बंधू-भगिनींशी पाण्याविषयी चार गोष्टी.

पंचमहाभूत नव्हे, संयुग

पूर्वी पाण्याला पंचमहाभूतांपैकी एक मानीत. म्हणजे जे फोडता येत नाही, ज्याच्यामागे दुसरे कारण नाही, असे मूळ तत्त्व. 1780 च्या दशकात इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी एक ज्वालाग्राही वायू जाळून पाहिला, तेव्हा भांड्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले. फ्रान्सच्या लव्हाझिए यांनी त्याचा अर्थ लावला आणि त्या वायूला ‘हायड्रोजन’ म्हणजे पाणी निर्माण करणारा असे नाव दिले. पाणी मूळ तत्त्व नाही, ते हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे संयुग आहे, हे असे सिद्ध झाले. हजारो वर्षांची समजूत एका प्रयोगाने मोडते, ती अशी.

पाण्याच्या एका रेणूत मधोमध ऑक्सिजनचा एक अणू आणि त्याला चिकटलेले हायड्रोजनचे दोन अणू असतात. हे दोन अणू सरळ रेषेत नसतात, त्यांच्यात सुमारे 104.5 अंशांचा कोन असतो. ऑक्सिजन जरा आपमतलबी. तो इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो. त्यामुळे रेणूची त्याची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन होते. मग एका रेणूची धन बाजू शेजारच्या रेणूच्या ऋण बाजूचा हात धरते. याला हायड्रोजन बंध म्हणतात.

हा बंध एकेकटा पाहिला तर दुबळाच. क्षणात तुटतो, क्षणात जुळतो. पण एकट्या कामगाराचे कोण ऐकते? सगळे मिळून उभे राहिले की मालकाला थांबावे लागते. तसेच या कोट्यवधी दुबळ्या बंधांचे आहे. हायड्रोजन सल्फाइड हा पाण्याचा जवळचा भाऊ. गटाराला सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो याच वायूचा. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा, तरी शून्याखाली 60 अंशांवरच उकळून त्याचा वायू होतो. पाणी मात्र 100 अंशांपर्यंत टिकून राहते, कारण त्याच्या रेणूंनी एकमेकांचे हात घट्ट धरलेले असतात. ते धरले नसते तर पृथ्वीवर नदी नसती, समुद्र नसता आणि आपणही नसतो.

स्वयंपाकघरातला पुरावा

आमच्या माता-भगिनींना हे प्रयोगशाळेशिवाय कळेल. रिकामे पातेले गॅसवर ठेवले तर पाहता पाहता तापते. तेच पाण्याने भरून ठेवा, वेळ लागतो. एक ग्रॅम पाणी एक अंश तापवायला एक कॅलरी उष्णता लागते, लोखंडाला त्याच्या सुमारे नवव्या हिश्शानेच भागते. पाणी उष्णता भरपूर पोटात घेते आणि सावकाश परत देते. म्हणून मे महिन्यात नागपूर-जळगावकडे पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा समुद्र आणि खाडीच्या शेजारचे आपले ठाणे सहसा त्याच्या बरेच खाली असते. आपल्या शरीरातही निम्म्याहून अधिक वजन पाण्याचेच आहे, म्हणून भर उन्हात नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराचे रक्त लगेच तापत नाही.

घामाचे गणितही हेच. अंगावरचा एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. गर्दीच्या लोकलमध्ये हवा आधीच दमट, त्यामुळे घाम नुसता निथळतो आणि अंग थंड होत नाही. बाहेरगावच्या कोरड्या हवेत माठ जसा गार पडतो तसा आपल्याकडे पडत नाही, त्याचेही कारण तेच.

हात धरण्याच्या याच गुणामुळे पाणी पिंपळाच्या मुळापासून शेंड्यावरच्या पानापर्यंत कुठल्याही पंपावाचून चढते. वरच्या पानातून एक रेणू उडाला की तो खालच्याला ओढून घेतो. बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो, कारण गोठताना रेणू अंतर राखून जाळी बांधतात. म्हणून थंड प्रदेशातल्या तळ्यांवर वर बर्फाचा थर असतो आणि खाली मासे जिवंत राहतात.

सर्वांना सामावून घेणारे

पाण्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे विरघळवण्याचा. मीठ टाकले की पाण्याचे रेणू त्याच्या धन-ऋण कणांना घेरतात आणि वेगळे करतात. साखर, क्षार, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, सगळ्यांना पाणी आपल्यात जागा देते. रक्त हे याच गुणावर चालते. पोटातले अन्नरस पेशींपर्यंत नेणे आणि पेशींतली घाण मूत्रपिंडापर्यंत आणणे ही हमाली पाणीच करते.

जुलाबात शरीरातून पाण्याबरोबर क्षारही जातात, नुसते पाणी पाजून ते भरून येत नाहीत. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र असले की आतडे ती दोन्ही जोडीने आत घेते आणि पाणीही त्यांच्यामागे जाते. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलराची साथ होती. सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महलानबीस यांनी असेच द्रावण पाजून असंख्य जीव वाचवले. घरी करायचे तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने वाढवू नये. बाळ सुस्त पडले, लघवी बंद झाली तर थेट दवाखाना गाठावा.

महाडचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तेथील सनातन्यांनी ‘बाटलेले’ तळे शुद्ध करायचे ठरवले. त्यासाठी 108 घागरी पाणी काढले, त्यात शेण, गोमूत्र, दही, दूध मिसळले आणि मंत्र म्हणत ते पुन्हा तळ्यात ओतले.

रसायनशास्त्राच्या वहीत याचा जमाखर्च मांडून पाहा. माणसाच्या स्पर्शाने पाण्याच्या रेणूत काय बदलते? काहीही नाही. कोन तोच, बंध तेच. हात अस्वच्छ असेल तर जंतू जातील, पण ते ब्राह्मणाच्या हातानेही जातील आणि महाराच्याही. उलट शेण आणि दूध घातले की ते कुजते, कुजताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपतो आणि जंतू वाढतात. म्हणजे ज्याला त्यांनी शुद्धी म्हटले, ती विज्ञानाच्या भाषेत भेसळ होती. पाण्याच्या हक्काचा हा खटला बाबासाहेब दहा वर्षे लढले आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. कोर्टाने हक्क दिला, पण पाण्याने तो कधी नाकारलाच नव्हता.

आजचा विटाळ

पाणी बाटते हे मात्र खरे. ते स्पर्शाने नव्हे, त्यात जे विरघळते त्याने बाटते. जो गुण जीवन देतो तोच विषही वाहून आणतो. पाणी औषध आणि ॲसिड यांत निवड करीत नाही.

कल्याण-डोंबिवलीला उल्हास नदी पाणी पाजते, ठाणेही काही अंशी तिच्यावर आणि काही अंशी भातसावर अवलंबून आहे. त्याच उल्हासवर मोहने परिसरात उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला गेल्या काही वर्षांत अनेकांनी पाहिला. सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिचे खत. ती कुजली की पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेते. पाण्यात मुळात तो किती असतो? 25 अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरला जेमतेम 8 मिलिग्रॅम. तेवढ्यावर मासे जगतात. तेवढेही हिरावले की नदी मरते.

वालधुनीची कथा तर अधिक दारुण. अंबरनाथच्या बाजूने उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण अशी येणारी ही नदी लोक आता नाला म्हणूनच ओळखतात. नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस उल्हासनगरात टँकरमधून तिच्यात रसायन सोडले गेले आणि काठच्या वस्तीतील शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन इस्पितळात न्यावे लागले. नदीकाठी कोण राहते हे आम्ही सांगायला नको. डोंबिवलीत जानेवारी 2014 मध्ये हिरव्या पावसाची बातमी झाली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. हा दैवी चमत्कार नव्हे. हवेत किंवा जमिनीवर जे असेल ते पाणी उचलून दाखवते, इतकेच.

आपण काय करावे?

पहिले, उपाय आणि रोग यांची जोडी ओळखावी. तुरटीने गढूळपणा जातो, जंतू मरत नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, पण विरघळलेले क्षार आणि धातू तसेच राहतात, उलट पाणी आटल्याने दाट होतात. क्लोरीनने जंतू मरतात, रसायन जात नाही. म्हणून कारखान्याच्या नाल्याजवळच्या विहिरीचे वा बोअरचे पाणी उकळले म्हणजे निर्धास्त झालो असे समजू नये.

दुसरे, दारावर येणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहावे. तो नळाच्या पाण्यात विजेच्या कांड्या बुडवतो, पाणी तपकिरी होते आणि तो म्हणतो, “बघा ताई, काय पिताय तुम्ही!” वास्तविक तो रंग त्या लोखंडी कांडीचा. पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरते. क्षार काढलेल्या पाण्यात वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. हे क्षार थोडेफार असणे वाईट नव्हे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत ते चालतात. त्याहून कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी आरओवर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये सरकारला सांगितले होते, कारण आरओत बरेचसे पाणी वाया जाते. बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नसेल आणि भांड्यावर पांढरा थर बसत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त आहे असे समजावे.

तिसरे आणि महत्त्वाचे, पाण्याचा तपासणी अहवाल मागावा. महानगरपालिका पाणी तपासते, तो अहवाल 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतो. महिला मंडळाने, युवक मंडळाने आपल्या वॉर्डाचा एक अर्ज करावा. क्लोरीन किती, क्षार किती, जंतू आहेत का, हे तीन प्रश्न पुरेत. दहावीतल्या मुलीला तो अहवाल वाचायला बसवावे. तिच्या पुस्तकातले विज्ञान त्या दिवशी घरच्या हंड्यात उतरेल.

चवदार तळ्यावर आपल्या वाडवडिलांनी पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळवला. त्या पाण्यात काय विरघळले आहे हे विचारण्याचा हक्क आता आपण बजावला पाहिजे. तळे उघडले, पण त्यात विष आले तर उघडल्याचा उपयोग काय?