क्लचचा निम्मा वाटा

इंजिन चालू आहे, गाडी जागच्या जागी उभी आहे. पहिला गिअर टाकला आणि डावा पाय पेडलवरून हळूहळू वर आला. गाडी पुढे सरकेपर्यंतच्या त्या दोन-तीन सेकंदांत इंजिनानं जितकी ऊर्जा दिली, तिच्यातली बरोबर निम्मी गाडीच्या वाट्याला येते. उरलेली निम्मी क्लचमध्ये उष्णता होऊन संपते. सपाट रस्ता आणि इंजिनाचा वेग कायम, एवढं गृहीत धरलं की हा हिशेब चुकत नाही. पेडल भरकन सोडा की सावकाश, पाय नवशिक्याचा असो की तीस वर्षं टॅक्सी चालवलेल्याचा, वाटणी तीच.

कारण फार सरळ आहे. क्लच प्लेटच्या एका बाजूला इंजिनाचं फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट. पीळ दोन्हीकडे सारखाच बसतो. पण इंजिनाची बाजू सुरुवातीपासून पूर्ण वेगात फिरते आणि गिअरबॉक्सची बाजू शून्यापासून चढत जाऊन शेवटी तिला गाठते. सरासरी वेग निम्मा, म्हणून पदरात पडणारं कामही निम्मं. फरक पडतो तो फक्त ॲक्सिलरेटरनं: इंजिनाचे फेरे दुप्पट ठेवून गाडी उचललीत तर उष्णता चौपट होते.

माणसांसकट १,००० किलोची गाडी ताशी १० किलोमीटरवर आणताना क्लचमध्ये साधारण ४,००० ज्यूल जिरतात. फ्लायव्हील आणि क्लच प्लेटला त्यावर दाबून धरणारी प्रेशर प्लेट मिळून सात-आठ किलो बीड धरलं, तर त्याचं सरासरी तापमान जेमतेम एका अंशानं वाढेल. एवढ्याशा गोष्टीचा कसला जळका वास? पण वसईकराला हे विचारून पाहा. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चिंचोटीपासून वर्सोवा पुलापर्यंत गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत असल्या, की तो एक अंश पुन्हा पुन्हा जमा होत राहतो, आणि थंड व्हायला लागणारा वेळच मिळत नाही.

त्याहून वाईट म्हणजे हाफ क्लच. पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या उड्डाणपुलाच्या चढावर हँडब्रेक न ओढता, क्लच अर्धा सोडून गाडी धरून ठेवणारे कितीतरी आहेत. समजा २५ मीटरला एक मीटर असा चढ आहे. तिथे छोटी गाडी नुसती अडवून धरताना क्लचमध्ये साधारण ७५० वॉट उष्णता तयार होते. घरातली विजेची इस्त्री एवढीच असते. आपण ती चालू करून दोन तव्यांच्या मध्ये दाबून ठेवलेली असते, आणि गाडी तसूभरही पुढे गेलेली नसते.

क्लचला कामं दोनच: पकडायचं तेव्हा पूर्ण पकडणं आणि सोडायचं तेव्हा पूर्ण सोडणं. बंद डब्यात बसलेली, कधी न दिसणारी ही प्लेट ड्रायव्हरच्या सीटवरून तपासता येते ती यामुळेच. बिघाड यातल्या कुठल्या कामात आहे हे आधी ठरवायचं.

पकड सुटली असेल तर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, वेग चढत नाही. घरी खात्री करायची तर मोकळ्या सपाट जागी, पुढे-मागे कुणी नाही असं बघून, चाकांना ओट लावून हँडब्रेक पक्का ओढा. तिसरा गिअर टाका आणि थोडा ॲक्सिलरेटर देत क्लच सोडा. इंजिन गचकन बंद पडलं पाहिजे. ते आरामात फिरत राहिलं, तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी एकदाच करायची; सारखी केली तर चाचणीच प्लेट खाईल.

इथे एक गंमत आहे. जुन्या मारुती ८०० मध्ये क्लच वायरनं चालतो. तिथे प्लेट झिजली की प्रेशर प्लेटला जोर देणाऱ्या डायाफ्राम स्प्रिंगची बोटं, त्यांना पेडलच्या जोरावर ढकलणाऱ्या रिलीज बेअरिंगकडे सरकतात, पेडलचा ‘प्ले’ म्हणजे सुरुवातीची मोकळी हालचाल कमी होते आणि क्लच वरती पकडू लागतो. वायर ताणली गेली की नेमकं उलट: प्ले वाढतो, क्लच खाली पकडतो. दोन्ही दुखणी एकाच वेळी असली तर एकमेकांना झाकतात आणि पेडल अगदी निरोगी वाटतं. म्हणून मेकॅनिक पेडलवर विश्वास ठेवत नाही, प्ले मोजतो. प्ले अजिबात उरला नसेल तर नट फिरवून तो मॅन्युअलमध्ये दिला असेल तेवढा करायचा. कधी कधी घसरणारा क्लच तेवढ्यानंच सुधारतो.

दुसरं काम, सोडण्याचं. पेडल पूर्ण दाबून, चार-पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाकला आणि तरी गिअर घासला, तर क्लच सुटत नाही. पेडल इतकं लांब दाबायचं आणि आत प्रेशर प्लेट मागे सरकते ती जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. प्लेटच्या प्रत्येक बाजूला मोकळीक उरते ती त्याहून कमी. वायर किंचित ढिली झाली, किंवा हायड्रॉलिक क्लचच्या तेलात हवा शिरली, की तेवढी मोकळीकही गेली. हे तेल म्हणजे ब्रेक ऑइलच. ते हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे वसई-विरारच्या दमट हवेत ते वेळच्या वेळी बदलणं जास्तच गरजेचं.

पण सोडण्याच्या कामाचा या भागातला खरा वैरी म्हणजे गंज. गाडीतलं बहुतेक लोखंड रंगाखाली नाहीतर तेलाखाली असतं. फ्लायव्हीलचा तोंडाचा भाग मात्र उघडाच ठेवावा लागतो, कारण तेलाचा थेंब पडला की पकड गेली. मिठागरं आणि खाडीच्या शेजारी, अर्नाळ्याच्या वाडीत पावसाळाभर न हललेली गाडी काढायला जावं, तर पेडल नेहमीसारखं दबतं पण गिअर काही पडत नाही: प्लेट गंजानं फ्लायव्हीलला चिकटलेली असते. जुलै २०१८ सारखा पाऊस झाला आणि नालासोपाऱ्यात चाकं बुडेपर्यंत पाणी चढलं, तर क्लचच्या डब्याच्या, म्हणजे बेल हाउसिंगच्या, फटींतून ते आतही शिरतं. यावर उपाय म्हणजे गाडी पंधरवड्यातून एकदा तरी चालवणं. चिकटलेली प्लेट झटके देऊन सुटते खरी, पण तो प्रयोग सोसायटीच्या पार्किंगमध्ये, समोर भिंत असताना करू नये. प्लेट सुटते तेव्हा सांगून सुटत नाही.

आवाजाचं निदान सर्वांत सोपं. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग; पेडल सोडल्यावर सुरू होऊन दाबताच थांबली तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. गाडी उचलताना थरथरली तर प्लेटवर तेल आलेलं असू शकतं, पण आधी इंजिनाचं माउंटिंग पाहा. ते तुटलं तरी गाडी तशीच थरथरते आणि खर्च फार कमी येतो.

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात क्लचला चामडं लावत. ते घसरू लागलं की ड्रायव्हर त्यावर चक्क मुलतानी माती भुरभुरवत. आजच्या प्लेटवर असं काही टाकायचं नाही. प्लेटच गेली असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरून ते काम घरी करू नये. गॅरेजमध्ये प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदला. मजुरी एकदाच पडते. जुनी प्लेट हातात घेऊन रिव्हेटची डोकी पृष्ठभागापासून किती खोल राहिलीत ते बघा. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आली असतील तर ती पूर्ण वापरून झाली. आणि फ्लायव्हीलवर निळसर डाग आहेत का तेही बघा. बीड सुमारे ३०० अंशांपर्यंत तापलं की तसे डाग उमटतात. ते असतील तर मेकॅनिक विचारेलच, गाडी चढावर हाफ क्लचवर कोण धरतं म्हणून.