ब्रिटिश पदके, ठासणीच्या बंदुका आणि लिलावाची हातोडी

नगरहून मनमाड रस्त्याने निघाले की नागापूर लागते. आज या गावाची ओळख औद्योगिक वसाहतीची आहे. कारखान्यांच्या शेड, पाळी सुटल्यावर होणारी गर्दी आणि मालवाहू गाड्यांची रांग असेच चित्र इथे दिसते. इथून थोड्याच किलोमीटरवर नगरचा भुईकोट किल्ला आहे. ऑगस्ट १८०३ मध्ये जनरल आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, आपली फौज घेऊन या किल्ल्यावर चालून आला. ८ ऑगस्टला त्याने शिड्या लावून पेठ घेतली. १२ ऑगस्टला शिंद्यांच्या ताब्यातला किल्ला पडला. सहा आठवड्यांनी, २३ सप्टेंबरला, असईची लढाई झाली आणि दख्खनचा नकाशा बदलला.

या मोहिमेतल्या सैनिकांना पदक मिळाले ते तब्बल ४८ वर्षांनी. ईस्ट इंडिया कंपनीच्या खर्चाने १८५१ मध्ये ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक मंजूर झाले. तोवर जे जिवंत होते, त्यांच्यापुरतेच ते होते. पदक चांदीचे, एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बसलेली विजयदेवता आणि खाली १७९९ ते १८२६ ही वर्षे. फितीवर लढाईच्या नावाची पट्टी असते, तिला संग्राहक ‘क्लास्प’ म्हणतात. हे क्लास्प वाचताना महाराष्ट्राचा इतिहास शत्रूच्या बाजूने वाचल्यासारखा वाटतो. असई, आडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, कोरेगाव अशी ही यादी आहे. तिच्यात अहमदनगर मात्र नाही. जो शिपाई नगरची तटबंदी चढला, पण पुढच्या लढायांत नव्हता, त्याच्या छातीवर काहीच लागले नाही. पदकावर सुरुवातीचे वर्ष १७९९ असले, तरी सर्वांत जुना क्लास्प १८०३ चा आहे. अशा बारकाव्यांवर संग्राहकांचे जग उभे आहे.

लंडनमध्ये ब्रिटिश लष्करी वस्तूंचे लिलाव वर्षभर चालू असतात. सदबीज, बॉनम्स, स्पिंक आणि मेफेअरमधले नूनन्स ही त्यातली मोठी घरे. प्रत्येक वस्तूला किंवा गटाला ‘लॉट’ क्रमांक असतो, कॅटलॉगमध्ये अंदाजे किंमत छापलेली असते आणि विकणाऱ्याने आपली किमान किंमत गुप्तपणे ठरवलेली असते. हातोडी पडते त्या आकड्यावर लिलावघराचे कमिशन चढते, मग वाहतूक, विमा आणि कर. नवखा माणूस हातोडीचा भाव पाहून हरखतो आणि बिल हाती आल्यावर दचकतो. आता घरबसल्या संगणकावरून बोली लावता येते, त्यामुळे पुण्या-मुंबईचा संग्राहकही लंडनच्या दालनात हजर असतो. मुंबई, बेंगळुरू, अहमदाबाद इथल्या नाण्यांच्या लिलावांतही ब्रिटिश काळातली पदके नियमित येतात.

पदकाची किंमत धातूवर ठरत नाही, त्याच्या कडेवरच्या नावावर ठरते. ब्रिटिश पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरण्याची पद्धत होती. त्यामुळे एकाच साच्यातून निघालेल्या दोन पदकांच्या भावात शंभरपट फरक पडू शकतो. कोण, कुठे लढला, जखमी झाला का, त्याची कागदपत्रे आहेत का, सगळी पदके एकत्र आहेत का, हे प्रश्न आधी विचारले जातात. म्हणूनच जाणकार पदक घासूनपुसून लखलखीत करत नाही. घासल्याने कडेवरची अक्षरे झिजतात आणि चांदीवर काळाने चढवलेला रंग निघून जातो. गट फोडणे हा तर या छंदातला सर्वांत मोठा अपराध. एका माणसाची तीन पदके तीन शहरांत गेली की त्या माणसाची गोष्टच संपते.

आपल्याकडच्या शिपायांच्या बाबतीत ही कड अधिकच मोलाची आहे. पहिल्या महायुद्धात १०३, १०५, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. त्यांतल्या तीन पलटणींनी कुत अल अमाराचा वेढा सोसला. डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झालेला हा वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. उपासमार झाली, मग कैद, मग वाळवंटातली पायपीट. या आघाडीवर मेलेल्यांचे स्मारक बसऱ्याला आहे. त्याच्या फलकांवर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा लिहिला गेला. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ मध्ये हा भेदभाव अधिकृतपणे मान्य केला आणि त्याबद्दल माफी मागितली. ज्याचे नाव सरकारने दगडावर लिहिले नाही, त्याचे नाव त्याच सरकारने पदकाच्या कडेवर मात्र लिहिले होते. घाटावरच्या आणि कोकणातल्या कितीतरी घरांसाठी ती एक ओळ हाच आजोबा-पणजोबांचा धातूवरचा एकमेव पुरावा आहे.

तो पुरावा आपण वितळवला. १९१४ ते १९१८ च्या युद्धाचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीचे आहे, वजन साधारण एक औंस. दुष्काळात, लग्नात, आजारपणात ते सराफाकडे गेले आणि वाळ्या-जोडव्यांत मिसळून गेले. इंग्लंडमध्येही १९८० च्या आसपास चांदी कडाडली तेव्हा हजारो पदके भट्टीत गेली. तिथे निदान शिपायांच्या पदकांच्या नोंदपत्रिका सरकारी दप्तरात शिल्लक राहिल्या आणि आज त्या कुणालाही घरबसल्या पाहता येतात. पंजाबसाठी लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात पडून असलेल्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी २०२१ मध्ये संगणकावर आल्या. असे काम महाराष्ट्रात गावोगाव व्हायला हवे. अनेक गावांत, चावडीच्या किंवा वेशीच्या भिंतीत, ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके मेले’ असे सांगणारी संगमरवरी पाटी आजही आहे. पाटीवर संख्या आहे, नावे नाहीत. नावे लोकांच्या पेट्यांत आहेत.

बंदुकांचे जग वेगळे. तिथे खरेदीआधी तपास, आणि तपासाआधी कायदा. कंपनीच्या शिपायाच्या हातातली चकमकीची ठासणीची बंदूक ‘ब्राऊन बेस’ या टोपणनावाने ओळखली जाते. तिचा आखूड, ३९ इंची नळीचा ‘इंडिया पॅटर्न’ मुळात कंपनीने आपल्या फौजेसाठी करवून घेतला होता. फ्रान्सशी युद्ध पेटले आणि बंदुका कमी पडू लागल्या, तेव्हा खुद्द ब्रिटिश सरकारने १७९७ मध्ये तोच नमुना स्वीकारला. पुढे १८५३ ची एनफिल्ड आली, तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांनी १८५७ पेटवले. त्यानंतर मागून काडतूस भरायची स्नायडर, मग १८७१ ची मार्टिनी-हेन्री, मग ली-एनफिल्ड. कंपनीच्या जुन्या बंदुकांच्या चापाजवळच्या पट्टीवर बदामाच्या आकारात चार अक्षरांचा शिक्का असतो. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच्या जागी मुकुट धरून मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आला. या एका खुणेवरून बंदुकीचा काळ ठरवता येतो.

नकली मालही या खुणांवरच पकडला जातो. खैबरच्या परिसरात कारागिरांनी हाताने घडवलेल्या मार्टिनी बंदुका जगभर विकल्या गेल्या. त्यांतल्या काहींवर राणी व्हिक्टोरियाची मुद्रा आणि शेजारी १९०१ नंतरचे वर्ष असते. राणी जानेवारी १९०१ मध्येच वारली होती. अस्सल मालाचा सर्वांत मोठा साठा मात्र नेपाळात निघाला. काठमांडूच्या जुन्या लगन सिलेखान्यातल्या पन्नास हजारांहून अधिक बंदुका २००३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या. ब्राऊन बेसपासून मार्टिनीपर्यंतचा हा ऐवज होता. आजही जगातल्या कितीतरी संग्राहकांच्या भिंतीवरची बंदूक त्या सिलेखान्यातून आलेली असते.

ब्रिटनमध्ये जुनी आणि जिची काडतुसे आता बनत नाहीत अशी बंदूक शोभेची वस्तू म्हणून परवान्याशिवाय ठेवता येते. मार्टिनी-हेन्री त्यात बसते, .३०३ ची ली-एनफिल्ड बसत नाही. अमेरिकेत १८९९ पूर्वीची बंदूक पुरातन मानली जाते. भारतात अशी वर्षाची रेघ नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या घाटाच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे, पण दुरुस्ती करूनही ते डागता येणार नाही, अशी अट आहे. हा निर्णय घरी बसून घेण्यासारखा नाही. माळ्यावर आजोबांची बंदूक सापडली तर ती साफ करत बसू नये, विकायला काढू नये, आधी पोलिसांना कळवून तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यात वारशाने आलेल्याही धरल्या जातात. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या पदकांनी आता शंभरी ओलांडली आहे, हे विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. या सगळ्यामुळे भारतातला शहाणा संग्राहक बंदुकांच्या मागे लागत नाही. तो पदके, टोपीवरचे बिल्ले, गणवेशाची बटणे, पट्ट्यांची बक्कले, पत्रे आणि छायाचित्रे जमवतो.

नगरशी थेट नाते सांगणाऱ्या वस्तू याच दुसऱ्या प्रकारात सापडतात. बोअर युद्धात पकडलेले सुमारे नऊ हजार कैदी इंग्रजांनी हिंदुस्थानात आणले. त्यांची एक छावणी नगरला होती. पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक आणि युद्धकैदी इथेच डांबले गेले. बोअर कैदी वेळ घालवायला लाकडाच्या पेट्या, काठ्या, चिलमी कोरत. अशा कैद्यांच्या कोरीव वस्तूंना आज परदेशी लिलावांत स्वतंत्र गिऱ्हाईक आहे. नगरच्या छावणीतून सुटलेली, सेन्सॉरचा शिक्का बसलेली पाकिटे टपाल संग्राहक शोधत असतात. आपल्या गावाच्या नावाचा शिक्का जपणारा माणूस जर्मनीत किंवा दक्षिण आफ्रिकेत बसलेला असतो. नगरच्या रणगाडा संग्रहालयात मात्र वेगळे सुख आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात रोल्स रॉईसची चिलखती गाडी, माटिल्डा, व्हॅलेंटाईन, चर्चिल असे ब्रिटिश ऐवज उघड्यावर उभे आहेत. ते कोणत्याही लिलावात येणार नाहीत, आणि शाळेतले पोरही त्यांच्यासमोर मनसोक्त उभे राहू शकते.

महाराष्ट्राला लिलावाची खरी ओळख झाली ती २०२५ मध्ये. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक रघूजी राजे भोसले यांची तलवार २९ एप्रिलला लंडनच्या सदबीजमध्ये विक्रीला आली. सरळ, एकधारी युरोपीय पाते, सोन्याचे नक्षीकाम आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघूजींचे नाव. सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर ती इंग्रजांच्या हाती गेली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. राज्य सरकारने मध्यस्थामार्फत बोली लावली आणि वाहतूक, विमा धरून ४७ लाख १५ हजार रुपयांत ती घेतली. १८ ऑगस्टला तलवार मुंबईत उतरली. लुटीचा माल पैसे मोजून का घ्यायचा, असा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्त आहे. पण खासगी मालकाच्या हातातली वस्तू परत मिळवायला आजच्या कायद्यात दुसरी वाट जवळपास नाही. हा खर्च योग्य होता. सातारच्या संग्रहालयात जुलै २०२४ मध्ये आलेली वाघनखे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तीन वर्षांच्या उसनवारीवर दिली होती. रघूजींची तलवार कायमची आपली आहे.

किमतीचा विचार केला तर महाराष्ट्राला ती स्वस्तातच मिळाली. टिपू सुलतानाच्या खासगी महालातून १७९९ मध्ये उचललेली आणि मेजर जनरल डेव्हिड बेअर्ड याला भेट दिलेली तलवार मे २०२३ मध्ये बॉनम्सने सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना विकली. त्याच महिन्यात टिपूसाठी बनवलेली, सुमारे २० लाख पौंडांची एक बंदूक देशाबाहेर जाऊ नये म्हणून ब्रिटिश सरकारने तिच्या निर्यातीवर तात्पुरती बंदी घातली.

राजाच्या तलवारीमागे सरकार उभे राहते. शिपायाच्या पदकामागे कोण? १९४५ मध्ये हातबॉम्बच्या सरावात सोबत्यांना वाचवताना मरण पत्करणाऱ्या नाईक किरपा राम यांचा जॉर्ज क्रॉस हिमाचलातल्या त्यांच्या पत्नीच्या घरातून २००२ मध्ये चोरीला गेला. २००९ मध्ये तो लंडनच्या एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये दिसला. आरडाओरडा झाला आणि विक्री थांबली. तो ओळखता आला, कारण त्यावर नाव होते आणि घरच्यांकडे त्याची माहिती होती. ज्या घरात पदकाचा फोटो नाही, कडेवरचा मजकूर कुणी वाचलेला नाही, त्या घराला चोरी झाल्यावर काय सांगता येणार?

नगर जिल्ह्यापुरते बोलायचे, तर संगमनेरजवळच्या निमजचे नामदेव जाधव आठवतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या या शिपायाने ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनियो नदीवर, खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून, दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक उचलून सुरक्षित जागी आणले. मग परत जाऊन शत्रूच्या तीन मशीनगन शांत केल्या. हाताला गोळी लागली होती, म्हणून हातबॉम्ब वापरले आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे पदक साध्या काशाचे असते, मोडीत त्याचे काहीच येणार नाही. तरी ब्रिटनमधल्या लॉर्ड अॅशक्रॉफ्ट या एकाच संग्राहकाने १९८६ पासून दोनशेहून अधिक व्हिक्टोरिया क्रॉस विकत घेतले आहेत. नामदेवांचे नाव गॅझेटमध्ये आहे, ते हरवणार नाही. त्यांच्याबरोबर नदी उतरलेल्या बाकीच्या शिपायांची नावे आपापल्या घरच्या पदकांवर आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आपल्या सैनिकांची पदके कोरी दिली, हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र नावे कोरली होती.

तेव्हा या दिवाळीत ट्रंक उघडाल, माळा झाडाल, तेव्हा एखादा काळवंडलेला बिल्ला सापडला तर तो पॉलिशवाल्याकडे किंवा सराफाकडे नेऊ नका. उजेडात धरून कडेवरचा क्रमांक, नाव आणि पलटण जशीच्या तशी वहीत उतरवा, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला ते कुणाचे हे विचारून त्याच वहीत लिहून ठेवा. विकायचेच असेल तर त्यानंतर विका, आणि सगळी पदके एकत्र विका.