पांढऱ्या पिंपातला तराफा

२७ जुलै २०१९ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली, तेव्हा सोनिवलीत आमच्या आळीतली सगळी माणसं टीव्हीसमोर जमली होती. एनडीआरएफच्या रबरी बोटी पडद्यावर आल्या आणि माझी नजर माणसांवरून सरकून बोटींच्या सांध्यांवर गेली. अंबरनाथच्या एमआयडीसीत रबरी कापड तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. हवा भरलेली कुठलीही वस्तू दिसली की आधी सांधा बघायचा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. त्या दिवशी हजाराहून अधिक प्रवासी सुखरूप बाहेर आले. मला मात्र रात्रभर एकच विचार छळत होता. आमची उल्हास पुढे कल्याणची खाडी होते आणि वसईच्या किल्ल्याजवळ समुद्राला मिळते. त्या समुद्रात दहा-दहा, बारा-बारा दिवस राहणाऱ्या मासेमारी बोटींना रबरी बोट घेऊन कोण जाणार? त्यांची बोट त्यांच्याबरोबरच असली पाहिजे. ती असते लाइफ राफ्ट, पांढऱ्या पिंपात घडी घालून ठेवलेली. तेव्हापासून करंजा, मोरा, ससून डॉक, जमेल त्या बंदरात जाऊन मी ही पांढरी पिंपं पाहत आले आहे.

इतिहास थोडक्यात सांगते. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४मध्ये सोलास हा समुद्रसुरक्षेचा करार झाला. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या वैमानिकांना फुगवायच्या रबरी होड्यांनी तारलं. १९५०च्या दशकात आइसलँडच्या मच्छीमारांनी त्या आपल्या बोटींवर घेतल्या, आणि १९६०च्या सोलासने मोठ्या जहाजांसाठीही त्यांना मान्यता दिली. मोठ्या जहाजांच्या आधी कोळ्यांसारख्याच माणसांनी ही वस्तू आपलीशी केली, याचा मला फार आनंद वाटतो.

आता निवड. नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, पहिल्यांदा विचारतो, "केवढ्याची?" मी आधी विचारते, "माणसं किती?" ट्रॉलरवर बोट चालवणारा तांडेल धरून आठ-नऊ जण असतील तर दहाची राफ्ट घ्यावी. विसाची मिळते म्हणून विसाची घेऊ नये. माणसांच्या वजनानेच राफ्ट पाण्यावर बसते. मोठ्या राफ्टमध्ये चारच माणसं असली तर वारा तिला उलटवू शकतो. म्हणूनच तळाला पाण्याने भरणाऱ्या पिशव्या किती आणि केवढ्या, हे पाहून घ्यावं. हवेच्या नळ्या दोन आणि एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. एक फुटली तरी दुसरीने सगळ्यांचा भार पेलला पाहिजे. वर छत हवंच. उत्तरेच्या समुद्रात छत थंडीसाठी लागतं. आपल्याकडे ते उन्हासाठी लागतं, आणि अरबी समुद्रातलं ऊन थंडीइतकंच जीवघेणं आहे. म्हणून आतल्या सामानाच्या दोन प्रकारांपैकी 'ए' पॅक घ्यावा, असं मी हट्टाने सांगते. त्यात माणशी दीड लिटर पाणी आणि दहा हजार किलोज्यूलचं खाणं असतं, चार पॅराशूट रॉकेट, सहा हातातल्या मशाली आणि दोन धुराची डबडी असतात. 'बी' पॅकमध्ये पाणी आणि खाणं नसतं, इशाऱ्याचं सामानही निम्मं. किनाऱ्याजवळच्या डोलीच्या बोटीला 'बी' चालून जाईल. पन्नास-साठ सागरी मैल बाहेर जाणाऱ्याला नाही.

माझा सगळ्यात लाडका भाग मात्र पिंपाच्या बाहेर असतो. पिंप बांधणाऱ्या पट्ट्याच्या टोकाला तळहाताएवढी प्लॅस्टिकची डबी असते. तिला हायड्रोस्टॅटिक रिलीज म्हणतात. बोट इतक्या झटकन बुडाली की कुणाला हात लावायलाही सवड मिळाली नाही, तर ही डबी काम करते. बोटीबरोबर ती दीड ते चार मीटर खोल गेली की पाण्याचा दाब आतला पडदा ढकलतो, स्प्रिंग सुटते, पातं दोरी कापतं. पट्टा मोकळा होतो, पिंप वर तरंगू लागतं. बोट खाली जात असते, पिंप वर येत असतं, आणि दोघांमधली दुसरी, लांब दोरी पिंपातून सुटत राहते. ती संपून ताण बसला की सिलिंडरची झडप उघडते, पिंप दुभंगतं, राफ्ट फुगते. पण ती अजून बुडत्या बोटीला बांधलेली असते! तिथे मुद्दाम कमकुवत ठेवलेला एक दुवा असतो. बोट राफ्टला खाली ओढू लागली की तो तुटतो आणि राफ्ट मोकळी होते. वीज नाही, बॅटरी नाही, माणूस नाही. बोटीच्या बुडण्यानेच सुटकेची सगळी कामं होतात. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी घरी येऊन वहीत चार वेळा चित्र काढलं होतं.

पण लाकडी बोट उलटून पाण्याच्या पातळीवरच तरंगत राहिली, तर डबीला हवी ती खोली मिळतच नाही. मग राफ्ट हातानेच टाकावी लागते. म्हणून पिंप अशा जागी हवं की दोन माणसं ते उचलून किंवा लोटून पाण्यात टाकू शकतील, आणि वर जाळ्यांचे ढीग, दोऱ्या, मासळीचे क्रेट काही नको. हाताने टाकताना दोरीचं टोक आधी बोटीला बांधलेलं आहे ना ते बघायचं, मग पिंप टाकायचं, मग दोरी ओढत राहायची. ती किमान पंधरा मीटर असते. ओढून ओढून काहीच होत नाही असं वाटून माणसं घाबरतात. ती पूर्ण बाहेर येऊ द्यायची आणि मग जोरात हिसका द्यायचा. फुगल्यावर मोठा फुसफुस आवाज येतो. राफ्ट फाटलेली नसते, जादा वायू झडपेतून बाहेर पडत असतो.

करंजाला एका ट्रॉलरवर मी चढले तेव्हा पिंप जागेवर होतं, चकचकीत होतं. नारळी पौर्णिमेआधी बोट रंगवताना पोरांनी त्यालाही निळा रंग दिला होता, आणि त्या डबीलाही. तिची भोकं रंगाने बुजली होती. शिवाय वादळात पिंप निसटू नये म्हणून वरून नायलॉनची दोरी करकचून बांधली होती. डबीने पट्टा सोडवला असता, पण त्या दोरीला कोण कापणार? दुव्याशी जोडायची दोरी थेट लोखंडी कडीला बांधलेली होती. दोष त्या पोरांचा नव्हता. राफ्ट विकणाऱ्याने पिंप उतरवलं आणि तो निघून गेला होता. तांडेलाने मला विचारलं, "ताई, ही कवा उघडायची?" मी म्हटलं, "दर वर्षी." त्याला वाटत होतं, बोट बुडेल तेव्हा.

तौक्ते वादळात १७ मे २०२१ला मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता आणि इतर जहाजांनी खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना वाचवलं. बाकीचे परत आले नाहीत. वाचलेल्यांपैकी काहींनी तेव्हा वर्तमानपत्रांना सांगितलं की बऱ्याच राफ्ट फुटक्या निघाल्या. ती बातमी वाचून मी दोन दिवस नीट जेवले नाही. रबर एका दिवसात फुटत नाही, ते वर्षानुवर्षं फुटत असतं, आणि ते फुटताना मी आयुष्यभर पाहिलं आहे.

ते कसं फुटतं, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. घडीची जागा सगळ्यात नाजूक. रबरी कापड एकाच घडीवर वर्षभर दबून राहिलं, वर डेकचं ऊन आणि शेजारी इंजिनाच्या धुराड्याची धग लागली, की घडीच्या कडेला केसाएवढ्या भेगा पडतात. नखाने घडी ताणून बघितल्याशिवाय त्या दिसत नाहीत. पॉलियुरेथेनच्या कापडाला ऊन त्या मानाने कमी बाधतं, पण दमट उष्णतेने ते चिकट होऊ लागतं, आणि आपल्या किनाऱ्याइतका दमटपणा कुठे आहे? म्हणून तपासणीनंतर घडी जुन्याच रेषेवर घालू नये. स्टीव्हन कॅलाहन नावाचा अमेरिकन माणूस १९८२मध्ये अटलांटिकवर ७६ दिवस एकट्याने राफ्टमध्ये राहिला. खालची नळी फाटली तेव्हा ती नीट बंद करायला त्याला दहा दिवस लागले. एका भोकासाठी दहा दिवस! दुरुस्तीच्या पिशवीत गोंदाच्या ठिगळांबरोबर घट्ट बसणाऱ्या खुंट्या किंवा चिमटे आहेत का, हे मी नेहमी पाहते. ओल्या रबरावर गोंद बसत नाही.

तपासणीच्या ठिकाणी मी करंजाच्या त्या तांडेलाला बरोबर घेऊन गेले. नाखवाने एका ट्रिपचा खाडा सोसला, हे मोठेपण. राफ्ट पसरली, पंपाने फुगवली, तासभर दाब बघितला. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला. आतला कार्बन डायऑक्साइड द्रवरूप असतो, थोडा गळाला तरी दाब जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून दाबाचा काटा फसवतो. वजन फसवत नाही. पाच वर्षांतून एकदा सिलिंडरच्याच वायूने राफ्ट फुगवून बघतात. दहा वर्षांनंतर दर वर्षी नळ्यांना जास्तीचा दाब देतात आणि तळाचा सांधाही ताणून तपासतात. मशालींची तारीख तीन वर्षांची, पट्टा सोडवणाऱ्या डबीची साधारण दोन वर्षांची. मुदत संपलेल्या मशाली तांडेलाने स्वतः बाजूला काढल्या. बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर १६ नंबरचा चॅनल आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्याला तोंडपाठ होता; राफ्टमधला आरसा सूर्याच्या उजेडात कसा धरायचा, ते मात्र तो पहिल्यांदा शिकला.

मग तो चप्पल काढून आत शिरला. दोन खलाशी बरोबर होते. त्याने छताचं दार लावायला सांगितलं. बाहेरून आम्हाला तिघांचं बोलणं ऐकू येत होतं. कोण कुठे बसेल, नवा पोरगा मध्ये बसेल, पाण्याची पाकिटं तांडेलाच्याच हातात राहतील. बराच वेळ ते आतच होते.

करंजाला परत आल्यावर नवी डबी बसवली, दोरी दुव्याला लावली. नायलॉनचा दोर तांडेलाने स्वतः कोयत्याने तोडला आणि जाळं दुरुस्त करायला ठेवून दिला. पुढच्या तपासणीची तारीख त्याने केबिनच्या दारामागे, डिझेलच्या हिशेबाखाली खडूने लिहिली. खडू पुसला जाईल म्हणून खलाशाने ती पुन्हा रंगाने गिरवली.