बॅप्टिस्ट धर्मप्रचारक आणि ब्रह्मदेशातील पालि शब्द

नवा धर्मविचार घेऊन परक्या प्रदेशात जाणाऱ्या प्रचारकाला तेथील लोकांची भाषा तर शिकावी लागतेच, शिवाय त्या भाषेत आधीच रुजलेल्या धर्माचे शब्दही हाताळावे लागतात. हे शब्द त्याच्या विचाराला वाट करून देतात आणि त्याच वेळी त्याला अडवितातही. ब्रह्मदेशात गेलेल्या आरंभीच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांचा इतिहास पालिच्या अभ्यासकाला या दृष्टीने फार बोधप्रद वाटतो.

बॅप्टिस्ट हा ख्रिस्ती धर्मातील एक पंथ असून त्याचा उगम सतराव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रज धर्मसुधारकांत झाला. तान्ह्या बालकाचा बाप्तिस्मा त्यांना मान्य नाही. ज्याने समजून-उमजून श्रद्धा स्वीकारली, त्यालाच पाण्यात बुडवून दीक्षा द्यावयाची, असा त्यांचा आग्रह असतो. धर्म जन्माने मिळत नाही, तो जाणीवपूर्वक स्वीकारावा लागतो, ही यामागील भूमिका होय.

या पंथाचे विल्यम कॅरी (१७६१–१८३४) हे मूळचे चर्मकाम करून जोडे शिवणारे कारागीर. १७९३ साली ते बंगालमध्ये आले आणि १८०० पासून श्रीरामपूर येथे स्थायिक झाले. मराठी वाचकांना त्यांचे नाव अपरिचित नाही. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी सिद्ध केलेले मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी–इंग्रजी कोश १८१० साली प्रसिद्ध झाला. त्यांचे पुत्र फेलिक्स कॅरी रंगूनला गेले. त्यांचे ब्रह्मी भाषेचे व्याकरण श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८१४ साली बाहेर पडले.

१३ जुलै १८१३ रोजी अमेरिकेचे अडोनिराम जडसन पत्नी ॲन यांच्यासह रंगूनला पोहोचले. तेथे विहाराविहारांतून मुलांना अक्षरओळख होत होती, तिपिटकाचे पठण-पाठन चालू होते आणि लोकांना स्वतःच्या धम्माचे भान होते. जडसन यांनी ब्रह्मी भाषेबरोबर पालिचाही अभ्यास आरंभिला. १८१९ साली त्यांनी श्वेडगॉन चैत्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत स्थानिक धर्मशाळेच्या धर्तीवर एक 'झयात' बांधला आणि तेथे बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्यांशी संवाद करू लागले. पहिला अनुयायी, माउंग नाउ, त्याच वर्षी २७ जून रोजी लाभला. म्हणजे एका माणसासाठी सहा वर्षे लागली. पुढे इंग्रज–ब्रह्मी युद्धात (१८२४–२६) त्यांना आवा येथे कारावास भोगावा लागला. नव्या कराराच्या भाषांतराचे हस्तलिखित तेव्हा उशीत दडवून ठेवले होते. संपूर्ण बायबलचे भाषांतर १८३४ साली पूर्ण झाले. १२ एप्रिल १८५० रोजी त्यांचा समुद्रप्रवासात मृत्यू झाला, तेव्हा कोशाचे काम अपुरेच होते.

आता शब्दांकडे वळू. ब्रह्मी भाषेत 'फया' हा आदराचा शब्द बुद्धासाठी, चैत्यासाठी आणि भिक्खूंना संबोधण्यासाठीही वापरला जातो. सृष्टिकर्त्या ईश्वरासाठी ब्रह्मी ख्रिस्ती वाङ्मयात 'थावर फया' असा प्रयोग रूढ झाला. यातील 'थावर' म्हणजे स्थिर. मेत्तसुत्ताच्या पठणातून आपल्या कानांवर येणारा हा पालि शब्दच आहे. बायबलसाठीच्या ब्रह्मी नावात 'सम्मा' हा शब्द येतो. आर्य अष्टांगिक मार्गाच्या प्रत्येक अंगापूर्वी येणारा 'सम्मा' तो हाच. जो धम्म सृष्टिकर्ता मानीत नाही, त्याच्याच शब्दकोशातून सृष्टिकर्त्याचे नाव घडविले गेले. जडसन यांच्या मते बुद्धाचा धम्म निरीश्वरवाद असल्यामुळे त्याज्य होता. तरीही त्या धम्माच्या शब्दांवाचून त्यांचे पाऊल पुढे पडत नव्हते.

बौद्ध ब्रह्मी समाजातून त्यांना अनुयायी थोडेच मिळाले. उलट डोंगराळ भागातील करेन लोकांत ख्रिस्ती धर्म वेगाने पसरला. १८२८ साली को था ब्यू या करेन गृहस्थाने बाप्तिस्मा घेतला आणि तोच आपल्या लोकांचा प्रचारक झाला. जोनाथन वेड यांनी ब्रह्मी अक्षरांच्या आधारे करेन भाषेला लिपी दिली. ज्यांच्या भाषेत ग्रंथ नव्हता त्यांना ग्रंथ मिळाला, हे या यशाचे एक महत्त्वाचे कारण म्हटले पाहिजे. याच मिशनमधील फ्रान्सिस मेसन यांनी कच्चायनाच्या आधारे पालि व्याकरण रचून १८६८ साली प्रसिद्ध केले, म्हणजे पालि अध्ययनावरही त्यांचे थोडे ऋण आहे.

या इतिहासातून आपण काय घ्यावे? बुद्धवचन छंदोबद्ध अभिजनभाषेत बांधण्याची अनुज्ञा तथागतांनी नाकारली, हे चुल्लवग्गावरून आपणास ज्ञात आहे. लोकांच्या भाषेत बोलण्याचे तत्त्व आपल्याच परंपरेत आहे. १९५० साली 'महाबोधी' नियतकालिकातील लेखात पूज्य बाबासाहेबांनी धम्माच्या प्रसारासाठी बायबलसारख्या एका सुटसुटीत ग्रंथाची निकड सांगितली. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्या निकडीचे उत्तर होय.

आज वंदना आपल्याला मुखोद्गत असते, परंतु 'सम्मा', 'अनत्त', 'पटिच्चसमुप्पाद' या शब्दांचा अर्थ विहारात येणाऱ्या मुलाला सोप्या मराठीत किती जण सांगू शकतील? परक्या श्रद्धेसाठी एका माणसाने आपल्या धम्माची भाषा सदतीस वर्षे अभ्यासिली. ती भाषा आपल्या वारशाची आहे. तिचा अर्थ घरोघरी पोहोचविण्याचे दायित्वही आपलेच आहे.