गावठी गुलाबाचं गोत्र

कसबा पेठेतल्या वाड्याच्या गॅलरीत कुंडीतला कलमी गुलाब दोन-तीन वर्षं टपोरी फुलं देतो आणि एका पावसाळ्यानंतर लहान, गुलाबी, घमघमणारी फुलं देऊ लागतो. ‘गुलाब गावठी झाला’ असं निदान घरोघर होतं. पण गुलाब गावठी होत नसतो. ज्या खुंटावर डोळा भरलेला असतो, त्याची फूट खालून येते. ती वेळीच काढली नाही तर वरचं कलम मरतं आणि खुंट तेवढा उरतो. भारतात खुंटासाठी जे गुलाब वापरतात त्यांत एडवर्ड हा एक जुना. त्याचं गोत्र पाहिलं तर त्याला गावठी म्हणणं कठीण आहे. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर, म्हणजे तेव्हाच्या बूर्बाँवर, गुलाबांची कुंपणं असत. 1817 साली तिथे आलेल्या ब्रेआँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेला याच घराण्याचा गुलाब पडला. चिनी गुलाब आणि शरदात पुन्हा फुलणारा डमास्क यांचा हा संकर आपोआप झालेला, असं मानतात.

ही झाली ऐकीव वंशावळ. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपड्यांत यजमान सांगेल तेच नाव चढतं, तसंच गुलाबांचंही झालं आहे. 1867च्या ‘ला फ्रान्स’ या गुलाबाचे आईबाप खुद्द तो वाढवणाऱ्या गियोलाही खात्रीने सांगता आले नाहीत. मग इंग्रज जनुकशास्त्रज्ञ हर्स्ट यांनी रूप आणि गुणसूत्रं पाहून शास्त्रशुद्ध नाती मांडली. त्यांच्या मते उन्हाळी आणि शरदातला अशा दोन्ही डमास्कांत गॅलिका ही गुलाबाची जात समान, पण उन्हाळी डमास्कात दुसरी जात फिनिशिया आणि शरदातल्यात मोस्काटा. पुस्तकांनी हे दशकानुदशकं उचललं. 2000 साली इवाता, काटो आणि ओनो या जपानी संशोधकांनी चार जुन्या डमास्क जातींचा डीएनए तपासला, तर चौघांचा ठसा एकच निघाला. मोस्काटा आणि गॅलिकाच्या संकरावर मध्य आशियातल्या फेडचेन्कोआनाचे पराग पडले होते. या तिसऱ्याचं नाव हर्स्टच्या मांडणीत कुठेच नव्हतं!

म्हणून ‘डीएनएने सगळं उलगडलं’ असे मथळे खरे मानायचे का? तपासणीला जे नमुने घेतले, त्यांतूनच पूर्वज सापडतात. जो रानटी गुलाब नष्ट झाला किंवा कुणी गोळाच केला नाही, तो निकालात येणार कुठून? पण हर्स्टचा निष्कर्ष निव्वळ रूपावर बेतलेला नसूनही चुकला, हे लक्षात घेतलं की डोळ्यांपेक्षा रेणूंची साक्ष वजनदार ठरते. दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. एडवर्ड भारतातच जन्मला असेल, तर? ही शक्यता हसण्यावारी नेता येत नाही. 1792च्या सुमारास इंग्लंडात पोचलेला तांबडा चिनी गुलाब कलकत्त्याहूनच जहाजावर चढला होता आणि डमास्क इथे रुळलेला होता. आईबाप कोण, हे डीएनए सांगतो. भेट कुठे झाली, हे नाही. त्यासाठी वनस्पतिसंग्रहातले वाळवलेले जुने नमुने, जहाजांची कागदपत्रं आणि कलकत्त्याजवळच्या शिबपूरच्या वनस्पती-बागेतल्या रोपांची 1814 साली छापलेली यादी हेच चाळावं लागेल.